टीव्हीचा पडदा ‘छापतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

रावपुरा_छपाई: बडोद्यात आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. मुलगी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्स शिकते. परवा म्हणाली, "बाबा, आता एलईडीसुद्धा छापतात." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. चार रंगांच्या कामात रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, अर्धा मिलिमीटर हललं तरी आमचा माल रद्द होतो. मग केसाहून बारीक दिवे कुठल्या जाळीतून उतरवतात? शाई कसली असते?

स्फटिकवेडा: काका, शाई नाही आणि जाळीही नाही. रबरी शिक्का असतो! निळ्या-हिरव्या एलईडीचं गॅलियम नायट्राइड साधारण १००० अंशाला नीलमच्या चकतीवर वाढवतात. ती धग प्लॅस्टिकला सोसणार नाही. म्हणून दिवे आधी तिकडे तयार करायचे, मग चकतीपासून सोडवायचे आणि मऊ सिलिकॉन रबराच्या शिक्क्याने उचलायचे. शिक्का झटकन उचलला की दिवे त्याला चिकटून येतात. नव्या जागी टेकवून सावकाश सोलला की तिथेच राहतात. रबर तेच, फरक फक्त वेगाचा. इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली असे लाल दिवे काचेवर आणि प्लॅस्टिकवर उतरवून दाखवले. प्लॅस्टिकचा पडदा वाकवला तरी दिवे लागत होते.

रावपुरा_छपाई: वेगाचं लगेच पटलं. चिकटपट्टी ओढायचा वेग बदलला की तिची पकडही बदलते, हे आम्ही रोज बघतो. म्हणजे तीन रंगांचे तीन शिक्के?

बीई_२०११: मला ‘छपाई’ शब्द खटकतो. हे उचलून ठेवणं झालं.

स्फटिकवेडा: हो काका, निदान तीन वेळा शिक्का मारायचा. लाल बहुधा वेगळ्या स्फटिकाचा, गॅलियम आर्सेनाइडवर वाढवलेला, आणि फार लहान केला की कडांपाशी वीज वाया जाऊन मंदावतो. खरी अडचण मोजणीची. ४के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके, प्रत्येकात तीन दिवे, म्हणजे जवळपास अडीच कोटी. दहा हजारांत एक चुकला तरी अडीच हजार दिवे बंद. ते शोधून बदलायचे, म्हणूनच हे बारीक दिव्यांचे (मायक्रो-एलईडी) पडदे इतके महाग.

रावपुरा_छपाई: @बीई_२०११, दाब आहे, रजिस्ट्रेशन आहे, रंगामागून रंग आहे, खराब नग वेगळे काढणं आहे. छपाईच आहे ही. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं ते हातातलं कसब वाढावं म्हणूनच ना? आज रात्री चिकटपट्टी आणि ट्रेसिंग पेपर घेऊन मुलीला समोर बसवतो. झटक्याचा आणि सावकाशीचा फरक तिला हाताने कळला पाहिजे.