आईची शुगर अचानक २६०वर गेली, इन्सुलिनचा डोस वाढवावा का?

कराडचा_पुण्यात:
आई ६८ वर्षांची, गावी भाऊ-वहिनीकडे असते. डायबेटिस जुना. गोळ्यांवर भागेना म्हणून यंदा डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं. ३०/७०ची बाटली (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण), सकाळी २० युनिट, संध्याकाळी १२. टोचायचं काम वहिनी करते आणि नेटानं करते. उपाशीपोटीची शुगर १३०-१४०वर आली होती. गेल्या आठवड्यापासून मात्र २४०, २६० असं चाललंय. खाण्यात बदल नाही, असं आई म्हणते. (शेजारच्या बारशाचे पेढे तिच्या हिशेबात धरलेले नाहीत, असं वहिनी म्हणते.) लाइट सारखी जाते, त्यात इन्सुलिन खराब झालं असणार असा वहिनीचा अंदाज. पण बाटली नवीन आहे, सिरिंजही नव्या पाकिटातल्या. भाऊ म्हणतो, दोन-चार युनिट वाढवून बघू. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर वाढवावं का?

निवृत्त_सिस्टर:
वाढवू नका. आधी एवढंच सांगा, नव्या सिरिंजची टोपी कोणत्या रंगाची आहे? आणि आईला उलट्या, जास्त झोप, धाप असं काही आहे का? असेल तर सोमवारची वाट बघू नका, आजच दवाखाना गाठा.

कराडचा_पुण्यात:
तसं काही नाही, तहान तेवढी जास्त लागते. वहिनीकडून फोटो मागवला. टोपी केशरी आहे, आधीच्या लाल होत्या. मेडिकलवाला म्हणाला, कंपनी वेगळी, बाकी सगळं एकच. रंगानं काय फरक पडतो?

निवृत्त_सिस्टर:
भरपूर पडतो. बाटलीवरचं लेबल वाचा, माझं ऐकून ठरवू नका. आपल्याकडे ३०/७०ची जी बाटली सहसा मिळते तिच्यावर ४० आययू प्रति मिली लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. लाल टोपीची सिरिंज तिच्यासाठी असते, एक मिलीला ४० रेघा. केशरी टोपीची सिरिंज १०० ताकदीच्या इन्सुलिनसाठी. तिच्यात तेवढ्याच एका मिलीचे १०० भाग पाडलेले असतात. वहिनी मन लावून २०च्या रेघेपर्यंत भरतायत, पण केशरी सिरिंजमध्ये ती रेघ ०.२ मिलीवर येते. ४०च्या बाटलीतलं ०.२ मिली म्हणजे ८ युनिट. संध्याकाळी १२ऐवजी तर पाचही जात नाहीत. शुगर चढणारच, पेढ्यांना उगाच बोल नको.

उलटी गल्लत झाली तर जिवावर बेतते. १०० ताकदीचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं २०पर्यंत भरलं की ५० युनिट जातात. मेडिसिन वॉर्डात असताना असे एक काका आले होते. बनियन पिळून काढावं इतका घाम, हात थरथरतायत, बायकोला ओळखेनात. तिच्या पिशवीत इन्सुलिन टोचायच्या पेनचं कार्ट्रिज (पेनात बसवायची औषधाची नळी) आणि लाल टोपीची सिरिंज. पेन बिघडलं म्हणून घरच्यांनी कार्ट्रिजमधूनच औषध ओढून दिलं होतं. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १००चं असतं. त्यात सिरिंज घालायचीच नाही.

तर आता असं करा. लेबलवर ४० असेल तर लाल टोपीच्या सिरिंज आणा आणि डोस ठरलेलाच, २० आणि १२. सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून हे सगळं सांगा. मधल्या दिवसांत कुणी परस्पर डोस वाढवला असेल तर तेही लपवू नका. तो वाढवलेला आकडा बरोबर सिरिंजनं गेला तर शुगर एकदम खाली येईल.

कराडचा_पुण्यात:
सिस्टर, खूप आभार. लेबलवर ४०च आहे. एक शंका. गावात लाल मिळेपर्यंत केशरीत ५०च्या रेघेपर्यंत भरलं तर गणित जमतं ना?

निवृत्त_सिस्टर:
गणित जमतं, पण ते करायचं नाही. वहिनी माहेरी गेल्या आणि त्या दिवशी भावानं टोचलं तर त्याच्या डोक्यात काय राहील, २० की ५०? पुढची बाटली १००ची निघाली तर? कराडात लाल टोपी न मिळायला काय झालं! एका मेडिकलमध्ये नसेल तर पुढच्या मेडिकलमध्ये जा.

आणि वहिनींना तीन गोष्टी विचारा. ३०/७०ची बाटली भरण्याआधी तळव्यांत हलकेच घोळवतात का? वीसेक वेळा, सगळं एकसारखं दुधाळ होईपर्यंत. खळाखळा हलवायची नाही. घोळवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरं चिकटून राहिलं तर ती बाटली बाद. दुसरं, रोज बेंबीशेजारी एकाच जागी टोचतात का? पोटावरून बोटं फिरवून बघा. रबरासारखी गाठ लागली तर तिथं टोचायचं नाही. तिथं दुखत नाही म्हणून पेशंट तीच जागा पुढे करतात, पण औषध नीट शोषलं जात नाही. तिसरं, टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण होतं का? ताट तयार नसताना टोचायचं नाही.

लाइटचं म्हणाल तर वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरातल्या गारव्यात चालते, उन्हाळ्यात पाण्याच्या माठाजवळ ठेवतात तशी. न उघडलेली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही.

एडिसन_एनजे:
सिस्टर म्हणतात ते इकडे अमेरिकेत येणाऱ्या आई-बाबांनाही लागू आहे. बाबा पुण्याहून ४०च्या बाटल्या घेऊन आले, सिरिंज कमी पडल्या. इथल्या फार्मसीत माणसांसाठी १००चीच सिरिंज मिळते, ४०ची मिळते ती कुत्र्यामांजरांच्या इन्सुलिनसाठी! काउंटरवरची बाई गोंधळून बाबांकडे बघत राहिली. सिरिंज मोजून, थोड्या जास्तच आणा.

गोळीवाला:
स्वतः मेडिकल चालवतो. गिऱ्हाईक नुसतं ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हणतं आणि काउंटरवरचा पोरगा हाताला लागेल ती देतो. रिकामी बाटली दुकानात आणा, आकडा समोर दिसला की घोळ होत नाही.

कराडचा_पुण्यात:
डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. डोस तोच ठेवा, चार दिवस उपाशीपोटी आणि रात्री झोपताना शुगर लिहून कळवा म्हणाले. भाऊ लाल टोपीच्या घेऊन आला. पण आता शुगर भर्रकन उतरली तर, याची वहिनीला धास्ती आहे.

निवृत्त_सिस्टर:
धास्ती असू दे, तयारीही असू दे. घाम, थरथर, अचानक भूक, बडबड किंवा चिडचिड दिसली की शुगर बघा. ७०च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून लगेच. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपानं साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी परत बघा, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच साखर. चढली की पोळी-भाकरी काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ला फोन. एकादशीच्या उपासाला डोसचं काय करायचं तेही डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, आई उपास सोडणार नाहीत हे गृहीत धरून.

कराडचा_पुण्यात:
बरोबर ओळखलंत, सोडणार नाहीच. उरलेल्या केशरी सिरिंजचं काय करू? फोडलेलं पाकीट मेडिकलवाला परत घेत नाही म्हणतो.

निवृत्त_सिस्टर:
नसेल घेत तर पैसे गेले म्हणा, पण घरात ठेवू नका. वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या जाड डब्यात टाकत असाल, त्यातच ह्याही टाका. डबा भरला की झाकण घट्ट लावून दवाखान्यात द्या, घंटागाडीत नको.