लोगन पास: जूनच्या शेवटी गाडीने जाता येईल का?

प्रश्न: सिएटलहून मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जातोय, सोबत आई-बाबा. लोगन पासचा रस्ता जूनअखेर उघडा असतो का? हिडन लेकची वाट त्यांना झेपेल?

उत्तर १: जूनअखेरची खात्री धरू नका. लोगन पासवरून जाणाऱ्या गोइंग-टू-द-सन रोडवरचा बर्फ यंत्रांनी उपसायला कित्येक आठवडे लागतात. कधी जुलै उजाडतो. मोठी गाडी भाड्याने घेऊ नका. अॅव्हलांच क्रीकपुढे २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. या रस्त्यावर पेट्रोल पंप नाही, टाकी आधीच भरा.

उत्तर २: लोगन पासची खिंड ६,६४६ फुटांवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. खरी अडचण बर्फाची. हिडन लेक ओव्हरलुकची वाट जाऊन-येऊन साधारण साडेचार किलोमीटर. सुरुवातीला लाकडी फळ्यांची, पण तेव्हा ती बर्फाखालीच असते. दुपारी बर्फ भुसभुशीत होऊन पाय रुततो, सकाळी तो घट्ट आणि निसरडा. आई-बाबांना काठ्या आणि खाचांचे बूट हवेतच. नसतील तर व्हिजिटर सेंटरपाशीच थांबा, तिथूनही डोंगर सुंदर दिसतात.

उत्तर ३: पार्किंग सकाळी लवकर भरतं. अस्वलांना पळवायचा स्प्रे तिकडे पोचल्यावर विकत घ्या, विमानात चालत नाही.