जेवणाच्या टेबलावर जुनी भांडी रोज वापरायची आहेत. काय बघून घेऊ?

केळफूल

नमस्कार मंडळी. ठाण्यात नव्या घरात आलोय. आईने माळ्यावरचं गाठोडं सोडून काशाच्या वाट्या, दोन पितळी ताटं, एक गडू आणि तांब्याची कळशी दिली. ताटं कमी पडतात, म्हणून उरलेली जुनीच घ्यावीत असं मनात आहे. सोबत चिनी मातीच्या जुन्या बश्या आणि वाडगेही हवेत. शोकेसमध्ये मांडायला नाही, यात जेवायचंय. चोर बाजारात एक चक्कर मारली, तर प्रत्येक दुकानदार प्रत्येक वस्तू 'शंभर वर्षं जुनी' म्हणतो. कासं कोणतं आणि पितळ कोणतं, कशाला कल्हई लागते, जुन्या बशीत जेवणं सुरक्षित आहे का, हे कुणी नीट सांगेल का?

वेळणी

केळफूल, फार बरं वाटलं वाचून. माझं माहेर नाशिकचं, वडिलांचं भांडी बाजारात दुकान होतं. शाळा सुटली की गल्ल्यामागच्या फळीवर बसून मी मोडीत आलेली भांडी वेगळी करायचे. त्यामुळे हात लावला की बरंच कळतं, आणि ते तुलाही सहज शिकता येईल.

आधी कासं. तांबं साधारण ७८ टक्के आणि कथील २२ टक्के, म्हणजे देवळातल्या घंटेच्याच जातीचा धातू. वाटी डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर धर, तळवा लागू देऊ नकोस, आणि लाकडी पळीने काठावर हलकेच मार. कासं असेल तर नाद लांबत जातो, बोटांना थरथर जाणवते. पितळेचा आवाज लवकर विरतो. वाटी काशाचीच आहे पण आवाज बद्द येतोय, तर कुठेतरी चीर आहे. ती डोळ्याला दिसत नसेल तर रात्री पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेव, सकाळी कागद ओला झालाय का बघ. दुसरी खूण पोच्याची. काशाला सहसा पोचा येत नाही, पडलं तर ते तडकतं. काठ आत दबलेली वाटी कुणी कासं म्हणून देत असेल तर ती बहुतेक पितळेचीच. खिशात लोहचुंबकही ठेव. चिकटला तर वर मुलामा आणि आत लोखंड.

काशाला कल्हई लागत नाही. भात, वरण, पोळी, सुक्या भाज्या खुशाल वाढ. चिंचेची आमटी, सोलकढी, लिंबू पिळलेली कोशिंबीर मात्र त्यात ठेवून देऊ नकोस. पितळ आणि तांबं यांना आतून कल्हई हवीच, नाहीतर ताक-दही कळकतं, आणि ते पोटात जाणं चांगलं नाही.

कल्हईबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथेच लोक फसतात. कल्हई म्हणजे शुद्ध कथील. काही जण त्यात शिसं मिसळतात, ते स्वस्त पडतं. कल्हईवाल्याकडून कांडी मागून घे आणि कानाशी धरून वाकव. कथील वाकताना करकर वाजतं, शिसं गप्प वाकतं. मग तीच कांडी पांढऱ्या कागदावर ओढ, करडी रेघ उठली तर शिसं आहे. भट्टीवर भांडं तापलं की तो नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवतो. हे सगळं समोर उभं राहून बघायचं. आणि कल्हईच्या भांड्यात कोरडी फोडणी कधीच नाही, कथील २३२ अंशांना वितळतं. तारेची घासणीही नको.

आणखी एक. जुन्या भांड्यांना बुडाशी डाख, म्हणजे सांधायला वितळवून लावलेला धातू, दिलेली असते, करड्या डागासारखी दिसते. तिच्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. असं भांडं फुलं ठेवायला घे, अन्नाला नको.

जुनं की नवं हे बुडावरून कळतं. यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्याच्या बुडाला एकात एक गोल रेघा असतात. हाताने घडवलेल्यावर मठारकामाच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या, टिकल्या दिसतात, पुण्याच्या तांबट आळीत अजून ते ठोके ऐकू येतात. जुनी कळशी असेल तर सांधा बघ, दोन पत्रे दात्यांनी एकमेकांत घालून झाळलेले असतात. झीजही खरी असावी लागते: बुडाच्या कडेला, कानांच्या आतल्या बाजूला, जिथे हात पडतो तिथे. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो आणलेला आहे.

साळूमाडी

वेळणीताईंनी धातूचं सांगितलं, मी चिनी मातीचं सांगतो. मी मडगावचा. आमच्याकडे जुन्या घरांत ही भांडी मकावमार्गे पोर्तुगीज जहाजांतून आली. चांदोरच्या ब्रागांझा घरात जाऊन पाहा, तिथे जुनी चिनी भांडी आहेत, डोळा तयार होतो.

खरेदीला छोटी बॅटरी न्या. बशी उजेडासमोर धरली की केसासारखी चीर लगेच दिसते. नखाने टिचकी मारा, आवाज खणखणीत हवा. मागे धातूचे टाके मारून सांधलेली बशी दिसली तर ती भिंतीवर लावा. झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, बारीक जाळी पडली असेल आणि ती तपकिरी झाली असेल, तर आत तेल-हळद मुरलेली आहे, ती धुऊन जात नाही. जुन्या लाल, केशरी, पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं, विशेषतः रंग झिलईच्या वर काढलेला असेल आणि बोटाला उंचवटा जाणवत असेल तर. अशा बशीत लोणचं, लिंबू, व्हिनेगर नको. सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही.

वयासाठी मागचा शिक्का वाचा. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागत होतं, म्हणून नुसतं 'इंग्लंड' लिहिलेली बशी बहुधा त्यानंतरची. जपानी बशीवर 'ऑक्युपाइड जपान' असेल तर ती १९४५ ते १९५२ मधली. अर्थात शिक्काही खोटा मारता येतो, त्यामुळे आधी वस्तू बघा, मग शिक्का.

केळफूल

दोघांचेही मनापासून आभार. आजच वाट्या वाजवून बघितल्या, एक बद्द वाजली. आता अजून दोन प्रश्न. एका दुकानात चांदीसारखा चहाचा सेट दाखवला, 'जर्मन सिल्व्हर' म्हणाले आणि भाव चांदीच्या जवळ सांगितला. आणि पुण्यात रविवारी जुना बाजार भरतो तिथे जावं का? ताटं सहाही एकसारखी मिळावीत असं वाटतं.

वेळणी

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच गं. तांबं, जस्त आणि निकेल. वर चांदीचा मुलामा असेल तर कड आणि चोच यांच्यावर खालचा पिवळसर रंग दिसायला लागतो. ते चांदीच्या भावाने घेऊ नकोस. खरी चांदी आहे असं कुणी म्हटलं तर सराफाकडे मशिनवर तपासून मगच पैसे दे. चांदीच्या वाटीत मीठ ठेवून देऊ नकोस आणि अंड्याला चांदीचा चमचा लावू नकोस, काळा पडतो.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा. आधी मोडीचा भाव विचारून ठेव, कारण भांडं वजनावर मोजून देतात आणि त्या भावाच्या वर जे मागतील ती घडणावळ. घडणावळ द्यायला मला कधी वाईट वाटत नाही, ठोक्यांचं काम समोर दिसत असेल तर दे. मुलामा दिलेल्या, चकचकीत, हलक्या ताटाला मात्र देऊ नकोस.

सहा सारखी शोधत बसशील तर वर्ष जाईल. माझ्याकडे ताटं वेगवेगळ्या वजनाची आहेत. काठाची उंची तेवढी सारखी बघ, म्हणजे पंगतीत विचित्र दिसत नाही आणि पातळ भाजी ओघळत नाही. फुलपात्रं चार-पाच घराण्यांची एकत्र आलेली असली तरी छान दिसतात.

भांड्यांवर टोचून नाव घातलेलं असतं, लग्नातल्या आहेराचं. माझ्या एका ताटाच्या काठाला 'माईकडून, १९५८' असं आहे, अक्षर शेवटी जरा वर चढलंय. विकणारा म्हणेल, 'घासून काढून देतो.' त्याला काढू देऊ नकोस. काठ पातळ होतो आणि त्या ताटाचा सगळा जीव त्या अक्षरात असतो.

साळूमाडी

बद्द वाजलेली वाटी टाकू नका. देव्हाऱ्यात अक्षता ठेवायला होईल. झाळून घेण्याचा प्रयत्न करू नका, कासं पुन्हा तापवलं की चीर वाढते.

केळफूल

अक्षतांना ठेवते. रविवारी जुन्या बाजारात जाणार आहे. फोटो टाकेन तेव्हा काठ आणि बूड दोन्ही दिसतील असे काढते, म्हणजे तुम्हाला सांगता येईल.