घरातली आग: खान्देशकरांनो, घडलेलं सांगा

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या वर जातो. कूलर रात्रंदिवस सुरू, त्यात भाव वाढेल म्हणून कुणाच्या घरात कापूस पडून. आग लागली, लागता लागता राहिली, असं काही घडलं असेल तर लिहा. उपदेश नकोत.

पऱ्हाटी, चोपडा:
काकांकडे पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. वरून बल्बची जुनी वायर, सांध्याला नुसती टेप. संध्याकाळी जळका वास आला, जाळ कुठेच नाही. बादलीभर पाणी मारलं, धूर थांबला, मंडळी जेवायला बसली. काकांना चैन पडेना. त्यांनी विळ्यानं ढीग उकरला तर हातभर आत लालभडक! कापूस आतल्या आत धुमसतो, वरचं पाणी तिथवर पोचतच नाही. मग थोडा थोडा ओढून अंगणात पसरला. हवा लागली की भडका उडायचा, म्हणून एक जण मोटारीचा पाइप धरूनच उभा. पहाटेपर्यंत मधूनच धूर निघत होता. आता कापूस भरला की त्या खोलीची लाइन बंद, आणि बिडी ओढणारा ओट्याखाली. आजोबा चिडतात. चिडू देत.

शेवभाजी, धुळे:
कढईतलं तेल पेटलं. भाऊ तांब्या घेऊन धावला, आजी ओरडली, "पानी नको टाकू रे!" गॅस बंद करून तिनं कढईवर परात सरकवली. पाणी तेलाच्या तळाशी जाऊन एकदम वाफ होतं आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. कढई गार होईपर्यंत तिनं परातीला हात लावू दिला नाही.

मांडेवाली, अमळनेर:
आमच्याकडे उंदरानं देवघरातली पेटती वात पळवली, थेट साड्यांच्या गाठोड्यात. आता दिव्यावर काच.

तापीकाठ, शहादा:
एकाच एक्स्टेंशनवर कूलर आणि फ्रिज. बोर्ड वितळला, भिंत काळी. कूलरला वेगळा पॉइंट काढला.

धागाकर्ती:
गॅस गळतीचं कुणी लिहिलं नाही?

पऱ्हाटी:
शेजारी झाली होती. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वहिनींनी रेग्युलेटर बंद केला, दारं उघडली, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. बाहेर येऊन 1906ला, म्हणजे गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन. नळी तडकली होती.

मांडेवाली:
नळीवर साल असतं का हो?

शेवभाजी:
असतं, छापलेलं. पाच वर्षांनी बदलायची, चांगली दिसली तरी.