स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या भावासाठी नागपुरात खेळाचा ग्रुप सुचवा

मानेवाडा_ताई:
नमस्कार. भाऊ २६ वर्षांचा. आवाज ऐकू येणं थांबलंय, गोळ्या वेळेवर घेतो, पण दिवसभर पडून असतो. ओलान्झापिन सुरू झाल्यापासून वजन खूप वाढलं. जिम लावून दिली, तर आरशासमोर एकट्याला नको वाटतं म्हणतो. कॉलेजात फुटबॉल खेळायचा. आईचं म्हणणं, आहे तसा राहू दे, पुन्हा काही झालं तर? मला वाटतं त्याला माणसांत न्यायला हवं. फार चौकशा न करणारा ग्रुप माहीत आहे का?

संत्रानगरी_विंगर:
ताई, 'स्लम सॉकर'ला विचारून बघा. आपल्या नागपूरचीच संस्था, २००१ मध्ये विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन सुरू केलेली. बेघरांच्या वर्ल्डकपला भारताचा संघ तेच नेतात. खेळ फक्त जिंकण्यासाठी नसतो हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

पुनर्वसन_काकू:
मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पडून राहणं हा आळस नाही गं. काही करावंसंच न वाटणं हे या आजाराचं लक्षण आहे, आणि आवाज थांबवणाऱ्या गोळ्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. खेळाची मदत होते ती इथे. त्यातही संघात जास्त, कारण तिथे कोणीतरी आपली वाट बघत असतं.

आमच्याकडे एक मुलगा मैदानावर यायचा, पण खेळायचा नाही. त्याला बिब, म्हणजे संघ ओळखू यावा म्हणून शर्टावर चढवायची रंगीत बंडी, वाटायचं काम दिलं. पिवळे कोणाला, निळे कोणाला, हे ठरवता ठरवता तो एकेकाला नावानं हाक मारायला लागला. एकदा माणूस कमी पडला, तर स्वतःच निळा बिब चढवून गोलमध्ये जाऊन उभा राहिला. आम्ही नियमही बदलतो: संघातल्या सगळ्यांचा पाय बॉलला लागल्याशिवाय गोल धरत नाही, दमलेला बाहेर बसतो, वाटेल तेव्हा परत येतो. आजारातले, घरचे, कॉलेजची मुलं, सगळे मिसळून.

आणि हे नक्की पाळा. या गोळ्यांमुळे शरीराला उष्णता झेपत नाही. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम वाढतं, ते धोक्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो, त्यामुळे उन्हं उतरल्यावरच खेळायचं, पाणी जवळ ठेवून. सकाळी गोळीची गुंगी असते, तेव्हा त्याला ओढून उठवू नका. आधी डॉक्टरांना विचारून शुगर, ईसीजी करून घ्या. खेळून बरं वाटलं तरी गोळी चालूच ठेवायची.

धंतोलीकर:
टीममधल्या सगळ्यांना आजाराचं आधीच सांगून टाका, म्हणजे कोणी काही बोलणार नाही.

पुनर्वसन_काकू:
नाही दादा, कोणाला किती सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. त्याची हरकत नसेल तर कोचला एवढं पुरे: औषधं चालू आहेत, मध्येच थांबला तर आग्रह करू नका.

संत्रानगरी_विंगर:
आणि आईंना हेही सांगा. मानसिक आजार असलेल्या खेळाडूंचा फुटसाल (पाच-पाच जणांचा छोटा फुटबॉल) वर्ल्डकप २०१६ मध्ये ओसाकाला झाला, २०१८ मध्ये रोमला. देशाची जर्सी घालून खेळले ते लोक.

मानेवाडा_ताई:
मनापासून आभार. बिबचं भावाला वाचून दाखवलं, तर म्हणाला, "गोलकीपर मी पण होतो." संस्थेला उद्या फोन लावते. ओपीडीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा ईसीजीचं विचारेन. रेशीमबागेकडे संध्याकाळी कोणी खेळत असेल तर वेळ कळवा, आधी मीच येऊन बघून जाते.