गॅस कटिंगसाठी टॉर्च सरळ चालवायचं घरगुती गाईड बनवतोय, मदत हवी आहे

मंडळी, १२ मिमीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट ऑक्सी-ॲसिटिलीनने कापायचीय आणि कट एकदम सरळ हवाय, कारण नंतर ग्राइंडरवर तासन्‌तास घासत बसायचं नाहीये. नुसत्या हाताने मारलं की नोझल (टॉर्चचं ज्योत निघणारं टोक) कधी वर जातं कधी खाली, आणि कडेला लाटा उठतात.

डोक्यात असंय की एक अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) सी क्लॅम्पने प्लेटवर आवळायचा आणि टॉर्चच्या हेडला पट्टीचा कॉलर करून खाली दोन जुन्या बेअरिंगची चाकं लावायची, म्हणजे नोझल अँगलला समांतर पळेल आणि उंचीपण एकसारखी राहील. उंची मी अशी धरलीय की प्रीहीटच्या (कापण्याआधी प्लेट तापवणाऱ्या) ज्योतीचं आतलं निळं टोक प्लेटपासून साधारण ३ मिमी वर राहील.

आता अडचण. कॉलर नोझलवर आवळू की वर हेडवर? नोझल पितळी-तांब्याचं, जास्त आवळलं तर दबेल असं वाटतं, शिवाय साफ करायला सारखं काढावं लागतं. आणि बेअरिंगमधलं ग्रीस आधी पूर्ण धुवून कोरडीच चालवणार आहे, ऑक्सिजनजवळ तेल-ग्रीस अजिबात नको, पण कोरडी बेअरिंग स्लॅगच्या (कापताना उडणाऱ्या वितळलेल्या मळीच्या) ठिणग्यांनी जाम होतील का? त्यापेक्षा साधे स्टीलचे बुश (नळीसारख्या कड्या) बरे पडतील? अँगलला मॅग्नेट लावायचा विचार सोडला, साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की कमजोर होतात.

कोणी असं गाईड बनवून वापरलं असेल तर प्लीज सांगा, आणि गोल कापायला त्यालाच सेंटर पिनचा दांडा जोडता येईल का तेपण.