ज्वालामुखीची माती ना? मग दीड फुटावर पहार का वाजते?

उतारावरची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

भोरच्या पश्चिमेला, हिरडस मावळात आमची दीड एकर वडिलोपार्जित जमीन आहे. कागदावर ‘वरकस’, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. वडील होते तोवर खालच्या खाचरात भात आणि वर उतारावर नाचणी व्हायची. नंतर वीस वर्षं नुसतं गवत. मी नोकरीतून मोकळी झाले आणि गेल्या जूनमध्ये हौसेनं उतारावर केशर आंब्याची 60 कलमं लावली. रोपवाटिकेवाला म्हणाला होता, “ताई, ज्वालामुखीची माती तुमची, काठी रोवली तरी पालवी फुटेल.” काठी रोवून पाहिली नाही, पण कलमं या मार्चला 11 उरलीत.

तीन फुटी खड्डे घ्यायला सांगितले होते. एकही तीन फूट गेला नाही. गडी दीड फुटावर पहार मारायचा, टण्ण आवाज, हाताला झिणझिण्या आणि माझ्याकडे एक नजर. निघायचं काय, तर एक पाटी माती, दोन पाट्या मुरूम आणि बाकी गोटे. पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत चार-चार दिवस पाणी उभं, आणि जानेवारीत तीच माती भट्टीतून काढल्यासारखी.

आता मला सांगा, इंडोनेशियातल्या जावा बेटाची ज्वालामुखीची माती म्हणे सोनं, वर्षाला दोन-तीन पिकं घेतात. खालच्या बाजूला नदीकाठची काळी जमीनही याच दगडाची म्हणतात. मग मधे आमच्याच नशिबी हा मुरूम का? आणि धरणातला गाळ डंपरनं आणून वर पसरावा, की जेसीबी लावून उताराच्या पायऱ्या कराव्यात? भावकीत दोन्ही मतं आहेत आणि दोन्ही मोठ्या आवाजात आहेत.

खड्डेखोर

ताई, नाव बघून हसू नका. पस्तीस वर्षं मृदा सर्वेक्षणात काढली, म्हणजे लोकांच्या रानात माणूसभर खड्डे खणून आत उभं राहायचं आणि मातीचे थर मोजायचे. सह्याद्रीच्या उतारावर मात्र माणूसभर खड्डा क्वचितच मिळाला. बऱ्याचदा गुडघ्याशीच काम संपायचं.

पहिलं जावाचं. तिथं ज्वालामुखीची राख पडते. राख म्हणजे काचेची बारीक भुकटी. ती लवकर कुजते (दगडाला कुजणं म्हणतात का, तर आम्ही म्हणतो), स्पंजासारखं पाणी धरते, आणि मेरापीसारखे डोंगर अजून जागे असल्यामुळे वरून नवी भर पडत राहते. आपल्याकडचा ज्वालामुखी 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तोही राखेचा नव्हे, भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाचा. थरावर थर थिजले, महाबळेश्वरच्या बाजूला त्यांची जाडी किलोमीटरात मोजावी लागते. थिजलेल्या लाव्हाचा झाला काळा पाषाण. राखेला मऊ व्हायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात पाषाणाला फक्त ओरखडा उठतो. तुमचा रोपवाटिकेवाला ‘ज्वालामुखी’ एवढंच ऐकून होता.

दुसरं, खालची काळी. तिचं रहस्य काही नाही, ती तुमचीच आहे. उतारावर दगड झिजून जी बारीक माती होते ती पावसाबरोबर निघते आणि सपाटीला जाऊन बसते. लाखो वर्षं हेच चाललंय. खाली ती दोन-दोन पुरुष खोल, वर वीतभर. दगड एकच, फरक फक्त कोण उतारावर आणि कोण तळाला याचा. आम्ही कागदावर 25 ते 50 सेंटिमीटरला ‘उथळ’ लिहायचो आणि त्याखाली ‘अति उथळ’. तुमची दीड फुटांची म्हणजे उथळच.

मुरमाला मात्र नावं ठेवू नका. बेसॉल्टमध्ये चुना, मॅग्नेशियम, लोह भरपूर. तुमची कलमं उपाशी मेली नाहीत, तहानेनं मेली. हिशेब सांगतो. एक सेंटिमीटर जाडीच्या बारीक मातीत झाडाला ओढून घेता येईल असं पाणी साधारण दीड मिलिमीटर मावतं. तुमची माती 45 सेंटिमीटर धरू. त्यात निम्मे गोटे, म्हणजे खरी माती बावीस-तेवीस. त्यात पाणी झालं जेमतेम 34 मिलिमीटर. उन्हाळ्यात भरलेलं रान दिवसाला पाच मिलिमीटर सहज पितं. आठवडाभरात माठ रिकामा. पाऊस दोन हजार मिलिमीटर पडो नाहीतर पाच हजार, माठ तेवढाच.

आणि पावसाळ्यात पाणी का साठलं? कारण तुम्ही पाषाणात वाडगी कोरलीत. खाली निचरा नाही, भरायला पोकळ माती. मुळं आधी गुदमरली, मग वाळली.

आता कामाचं. डोंगराकडे लांबून बघा, पायऱ्या दिसतील. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. लाव्हाच्या प्रत्येक थराचा गाभा घट्ट, तिथं कडा उभा राहतो. थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या भोकांचा, विहिरीवाले ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. भोकांत पांढरे स्फटिक सापडतील. हा भाग लवकर झिजतो, तिथं सपाटी होते आणि माती टिकते. दोन थरांच्या मधे कुठे गेरूसारखा लाल पट्टा असतो, झरे बहुधा त्याच्याच आसपास. दीड एकराच्या उतारात यातलं दोन-तीन प्रकारचं काही तरी नक्की सापडेल. तुम्ही 60 खड्डे दोरी धरून सरळ रेषेत घेतलेत ना? डोंगराला दोरी कळत नाही.

शिवाय टण्ण वाजलं म्हणजे तळ लागला असं समजू नका. बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्रे सुटत कुजतो, मधे घट्ट गोळा राहतो आणि भोवती मऊ मुरूम. तुमची पहार कदाचित नुसत्या गोळ्यावर बसली असेल. हातभर बाजूला मारून बघायची. टण्ण म्हणजे पाषाण, खर्र म्हणजे मुरूम. मुरमात मूळ जातं, भेगेत ओल सापडते.

पाऊस संपल्यावर मातीत थोडी ओल असतानाच, दर दहा पावलांवर पहार मारून खोली लिहून काढा. मग बोलू.

जेसीबीचं एवढंच सांगतो. पाणी जिरणाऱ्या मातीखाली पाषाण असलेला उतार आडवा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. 30 जुलै 2014 ला माळीण गावावर दरड कोसळून 151 माणसं गाडली गेली. अतिवृष्टी होतीच, पण वरच्या उताराचं सपाटीकरणही तेव्हा कारण म्हणून चर्चेत होतं. उताराच्या पायथ्याला कुणाचं घर असेल तर हा विषय भावकीत वाढवूच नका.

कातळावरचा

खड्डेखोर काकांचा अनुभव मोठा आहे, पण सरसकट बोलताहेत असं वाटतं. आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तर वीतभर सुद्धा माती नाही. सुरुंग लावून कातळात खड्डे घेतले, बाहेरून माती आणून भरली, त्यावर हापूस उभा आहे. वडिलांनी लावलेली झाडं आज दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत. कातळात वाडगी कोरूनच हे केलं की.

खड्डेखोर

बरोबर, पण तुमचा कातळ जांभा आहे. तोही मुळात बहुतेक ठिकाणी याच बेसॉल्टचा, पण पावसानं धुऊन धुऊन त्यातलं बाकीचं सगळं गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम उरलं. जांभा सच्छिद्र. पाणी आत झिरपतं, मूळ भेगा शोधत खाली उतरतं. घरं बांधायला चिरा काढता तेव्हा बघितलंच असेल. काळ्या पाषाणाचं वाडगं तसं नाही, ते खरंच वाडगं आहे. आणि पहिली चार-पाच वर्षं तुमच्या वडिलांनी उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी घातलं का, ते एकदा विचारा.

कातळावरचा

कावडीनं. आई अजून त्या दोन हंड्यांबद्दल बोलते. मागे घेतो.

नाचणीभाकर

माझी आजी मुळशी खोऱ्यातली. तिच्या वरकसाचा क्रम ठरलेला होता. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळे आणि मग चार-पाच वर्षं रान पडीक. मला लहानपणी वाटायचं की जमीन पुरत नाही म्हणून लोक डोंगर धरतात आणि कंटाळा आला की सोडतात. तसं नव्हतं. चौथ्या वर्षी नाचणी घोट्याएवढीच राहायची, म्हणून सोडायचे. गवत, कारवी उगवायची, पाला पडायचा, मुळं मुरमात शिरायची.

राब भाजायला, म्हणजे रोपं टाकायची जागा आधी जाळून घ्यायला, पालापाचोळा आणि शेण लागायचं, तेही डोंगरातूनच. त्यामुळे त्या शेतीला फार थोर म्हणण्यातही अर्थ नाही, राबासाठी झाडं पार खराटा करून ठेवायचे. पण उथळ मातीत कुठलं पीक बसतं हे त्यांना माहीत होतं. नाचणी पावसात येते आणि पावसाबरोबर जाते, मार्च-एप्रिलचा प्रश्नच नाही. ताईंचा आंबा मात्र उन्हाळ्यात तिथंच उभा राहणार.

फळझाडंच हवी असतील तर करवंद आणि तोरण उतारावर आपणहून येतात, जांभूळ ओहोळाच्या कडेनं. सीताफळ मुरमाडच मागतं, पण त्याला कमी पावसाचा पट्टा मानवतो, तुमच्याकडच्या पावसात जपून.

उतारावरची

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण दरम्यान एक पावसाळा गेला. गाळ आणला नाही, जेसीबीही नाही. चुलतभाऊ अजून बोलत नाही.

दसऱ्यानंतर पहार घेऊन स्वतः गेले. 40 जागा मोजल्या. शाळेच्या वहीत जमिनीचा आकार काढला आणि आकडे टाकत गेले. 19 ठिकाणी फूटभरही नाही. 14 ठिकाणी एक ते दोन फूट. आणि 7 ठिकाणी अडीच फुटांच्या पुढे, त्यातल्या दोन ठिकाणी तर पहार खर्र करत गेली ती थांबेना, मीच थांबले. काकांनी सांगितलेला कांदाही सापडला. एका टण्ण जागेच्या शेजारी मारलं, माती बाजूला केली आणि नारळाएवढा काळा गोळा पापुद्र्यांसकट हातात आला. तो आता ओट्यावर आहे.

पण सांगायचं ते वेगळंच. त्या सात जागा विखुरलेल्या नाहीत. त्या दोन आडव्या पट्ट्यांत आहेत, गवतात झाकलेल्या. गवत कापलं तेव्हा प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या बाजूला दगडांची ओळ निघाली, गुडघ्याएवढी, मधेमधे ढासळलेली. वडिलांच्या ताली. मी लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आम्हा भावंडांना रानातले गोटे वेचायला लावायचे, शंभर गोट्यांना एक गोळी. मला वाटायचं नांगराला दगड लागतात म्हणून वेचतोय. ते दगड उचलून ते तालीवरच टाकत होते, आणि वरून वाहून येणारी माती त्यामागे अडत होती.

वहीवर मग जगलेली 11 कलमं मांडली. नऊ त्या दोन पट्ट्यांत आहेत. उरलेल्या दोघांना मी ओढ्याचं पाणी जास्त घालत होते, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आता बेत असा. पट्ट्यांबाहेर आंबा नाही. एक-दोन फुटांच्या जागी करवंद. फूटभराच्या आत गवत तसंच, फक्त वणवा लागू द्यायचा नाही. नाचणीचा एक तुकडा करून बघणार, राब न भाजता, शेणखतावर. काका, एकच विचारायचंय. ढासळलेली ताल परत रचताना सिमेंटनं पक्की करावी का? गवंडी म्हणतो, एकदाच काय ते होऊन जाईल.

खड्डेखोर

अजिबात नको. पाणी दगडांच्या फटींतून पलीकडे जायला हवं आणि माती अलीकडे राहायला हवी. सिमेंट घातलं की पाणी मागे तुंबतं आणि एखाद्या रात्री भिंतीसकट जातं. मोठे दगड खाली, तोंड डोंगराकडे किंचित कललेलं, फटींत लहान गोटे. जिथं ढासळलीय तिथं आधी बघा, दर वर्षी पाणी तिथूनच उतरतं का. तसं असेल तर ती जागा मुद्दाम वीतभर बुटकी ठेवा, खाली पसरट दगड अंथरा आणि पाण्याला तिथूनच जाऊ द्या. वडिलांनीही बहुतेक तसंच ठेवलं असणार, नीट बघितलंत तर पसरट दगड सापडतील.

वहीचा फोटो टाका जमलं तर.

उतारावरची

सापडले. तीन आहेत, एक दुभंगलाय. फोटो रविवारी टाकते, मुलाकडून.